बत्तीसचा काळा पाय

मला वाट बघता येत नाही. साठी उलटून गेली तरी नाही. दूध तापत ठेवलं की मी थोडा वेळ त्याच्याकडं बघत उभी राहते, मग कंटाळून अंगणात जाते आणि ते उतू जातं. सून म्हणते, "आई, तुम्ही गॅसजवळ येऊच नका." तिचं बरोबर आहे. पण ही खोड काही म्हातारपणाची नाही. रत्नागिरीला भाट्याच्या पुलापलीकडं आमचं घर होतं, मी सातवीत होते, तेव्हाही आई म्हणायचीच की ह्या पोरीच्या पायाला भिंगरी लावून देवानं पाठवली. ह्याच खोडीपायी एकदा एक मुकं जनावर माझ्या हातून मरायला टेकलं होतं. घरात तो विषय निघाला की नातवंडं हसतात, कारण ते जनावर म्हणजे गिनीपिग. हसू देत. मला अजून त्याचं हसू येत नाही.

आमच्या वाडीतले बहुतेक बापे मुंबईला असायचे. कुणाचा बाप गिरणीत, कुणाचा गोदीत, कुणाचा एखाद्या साहेबाच्या गाडीवर. माझे बाबा लस तयार करणाऱ्या एका संस्थेत प्राणी सांभाळायला होते. पिंजरे झाडायचे, पाणी ठेवायचं, पाला घालायचा आणि डॉक्टर सुई टोचतील तेव्हा जनावर धरायचं, हे त्यांचं काम. शाळेत बाईंनी विचारलं की मी "दवाखान्यात आहेत" असं सांगून मोकळी व्हायची. पण वाडीत काय लपतं? एक मुलगी मला "उंदीरवाल्याची" म्हणाली तेव्हा मी तिची वेणी धरून तिला चिऱ्याच्या गडग्याला टेकवली होती. खरं सांगायचं तर मला बाबांच्या कामाची लाज वाटायची. आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

त्या मे महिन्यात बाबा एस.टी.तून उतरले ते हातात आंब्याची करंडी घेऊन. आंब्याच्या दिवसांत मुंबईहून रत्नागिरीला करंडी घेऊन येणारा माणूस तोच एक असेल. ओटीवर ती ठेवून त्यांनी वरचं फडकं काढलं तर आत पेंढ्यात एक तांबूस-पांढरं, बिनशेपटीचं जनावर दबकून बसलेलं. चार पायांपैकी तीन गोरे, मागचा उजवा काळाकुट्ट. कानात पत्र्याचा बिल्ला, त्यावर आकडा बत्तीस. बाबा तिला बत्तीसच म्हणत होते, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो, आणि आठ दिवसांत वाडीतली माणसं गडग्यावरून डोकावून "काय म्हणते बत्तीस?" असं विचारायला लागली. आई मात्र तिला शेवटपर्यंत उंदीर म्हणाली. "लोक मुंबयवरनं पोरांना बिस्किटं आणतात. ह्यांनी उंदीर आणला," असं ती मला म्हणाली, पण बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बाबा फारसं बोलायचे नाहीत. वर्षाचे दोन महिनेही घरी नसलेल्या माणसाला घरात बोलायला विषयही सापडत नसावा. पण बत्तीसबद्दल ते बोलायचे. पाल्याशिवाय ती जगत नाही, पेरूची फोड किंवा आवळा दे, त्याशिवाय ह्यांची हाडं दुखतात. भिजू देऊ नकोस. आणि पाय बघ. पायावर त्यांचा सगळा भर. ह्या जनावराच्या तळव्याला केस नसतात, कातडी माणसाच्या ओठासारखी नाजूक. जाळीवर ठेवलं, ओल्यात ठेवलं की तळवा सोलतो. नखं वाढली की वळतात, मग पाऊल वाकडं पडतं आणि सगळा भार एकाच जागी येतो. "दर रविवारी उलटी करून चारी पाय बघायचे," ते म्हणाले. त्यांनी तिला छातीखालून एका हातानं उचललं, तिची पाठ आपल्या पोटाला लावली आणि दाराकडं तोंड करून बसले. पाऊल उजेडात धरलं. गोऱ्या नखातली बारीक लाल रेघ मला दाखवली. "ही शीर. हिच्या अलीकडं कापायचं, नुसतं टोक. घाई करायची नाही." मी म्हटलं, "आणि काळ्या नखात कशी दिसायची?" ते म्हणाले, "मागनं बॅटरी धरायची. मग दिसते." तेवढ्यात मला बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि मी पळाले. बॅटरी कशी धरायची ते बघायला थांबले नाही.

रजा संपवून बाबा गेले आणि पत्रं सुरू झाली. पंधरा दिवसांनी एक. पूर्वी त्यांची पत्रं चार ओळींची असायची, आता आठ ओळींची यायला लागली, पण वाढलेल्या चारी ओळी बत्तीसच्या. पाला खाते का? जागा कोरडी आहे का? आणि शेवटी न चुकता, सुलू, नखं बघितलीस? माझ्या परीक्षेबद्दल अक्षर नाही. मी धुसफुसत ते पत्र आईला वाचून दाखवायची. आईला सही येत होती, वाचायला अडखळायची, म्हणून उत्तर ती सांगायची आणि मी लिहायची. त्या उत्तराची पहिली ओळ ठरलेली असायची, "येथील सर्व क्षेम." शेवटची पण तीच. वाडीतल्या कुठल्याही घरातनं मुंबईला जाणारं पत्र असंच जायचं. गाय मेली, सर्व क्षेम. पडवी कोसळली, सर्व क्षेम. मुंबईच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा सगळ्या बायकांचा नियमच होता. तो तिथनं करणार काय? नुसता झुरणार. आदल्या पावसाळ्यात आई चौदा दिवस विषमज्वरानं फणफणत होती. मी शाळा बुडवून तिला पेज भरवत होते, आणि अंथरुणावरून तिनं मला जे पत्र सांगितलं त्यातही सर्व क्षेम, पाऊस बरा आहे. त्या वर्षी बाबांना गणपतीला रजा मिळाली नाही. मे महिन्यात आले तेव्हा आई एवढी का वाळली म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "उन्हाळ्याचं."

पाऊस लागून राहिला आणि आमच्या घरात कोरडी जागा उरली नाही. भिंतीला ओल, पेंढ्याला बुरशी, करंडीला वास. त्यात एक बोका पडवीत येऊन बसायला लागला. तेव्हा मी माझ्या अकलेनं बत्तीसला कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात टाकली. त्याला खाली तारेची जाळी होती. लेंड्या खाली पडतात, झाडावं लागत नाही, मला तेच हवं होतं. बाबांनी जाळीवर ठेवू नको म्हणून सांगितलेलं मला पुरतं आठवत होतं. मी स्वतःला सांगितलं की त्यावर गोणपाट टाकीन. टाकलंही. दोन दिवसांनी ते ओलं झालं आणि मी काढलं ते काढलंच.

नखांचं तर विचारूच नका. आमच्या घरात नखं कापायचं एक पंचांगच होतं. सोमवारी नाही, शनिवारी नाही, एकादशीला नाही, अमावास्येला तर नाहीच. दिवेलागणीनंतर नाही. घरात नाही, कारण नख घरात पडलं की भांडण होतं. बाहेर पाऊस. मी ब्लेड घेऊन बसले की आई चुलीपाशी बसून ओरडायची, "सुले, आज सोमवार हाय." मी म्हणायची, "अगं, तिची नखं आहेत, माझी नाहीत." आई म्हणायची, "पडायची आमच्या घरात ना?" ह्या सगळ्यातनं जे वार उरायचे त्या दिवशी मला कुठंतरी उंडारायला जायचं असायचं. तरी तीन गोऱ्या पायांची नखं मी एकदा-दोनदा कापली. लाल रेघ दिसत होती, सोपं होतं. काळ्या पायाला हात लावायची भीती वाटायची, म्हणून तो पुढच्या रविवारवर ढकलायची. आणि पत्रात लिहायची, नखं कापली, सर्व क्षेम.

एक आवाज कमी झाला आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आई विळीवर भाजी चिरायला बसली की बत्तीस शीळ घालायची, बारीक, चढत जाणारी. टाकळ्याची भाजी असो की मुळ्याचा पाला, विळी पाटावर टेकली की शीळ आलीच. आईसुद्धा पानं निवडता निवडता चार देठं बाजूला टाकायची, म्हणजे तोंडानं उंदीर उंदीर करायची आणि हातानं खायला घालायची. एक दिवस सबंध भाजी चिरून झाली, कुळथाची पिठी शिजली, आणि शीळ आली नाही. मी खुराड्याशी गेले. बत्तीस कोपऱ्यात तीन पायांवर बसली होती. मी तिला उचलून उलटी केली. काळ्या पायाची नखं आकडीसारखी आत वळली होती, आणि टाचेखाली वाटाण्याएवढा टणक, तांबूस फोड आला होता, वर खपली धरलेला. मी तिथंच बसले, ब्लेड घेतलं आणि बॅटरीबिटरी काही न शोधता तीनही काळी नखं एका दमात कापून टाकली. एक बरोबर गेलं. दोन शिरेत गेली. ती किंचाळली आणि माझ्या फ्रॉकवर रक्त सांडलं. मी तुरटी दाबून धरली. वार सोमवार होता, पण आई शेतावर होती, आणि मला त्या वेळी कुणाचीच भीती वाटत नव्हती, फक्त ते रक्त थांबावं एवढंच वाटत होतं.

शेजारच्या तानीकाकीला वाडीतली औषधं कळायची. कुणाला खरूज, कुणाला चिखल्या, कुणाचा हात मुरगळला, की तानीकाकी. ती आली, पदरानं चष्मा पुसला, बत्तीसचा तळवा बघितला आणि म्हणाली, "हे तर कुरूप हाय गो. आपल्या पायाला चिऱ्यावर चालून होतं तसलं." आमच्याकडं सगळी माणसं अनवाणी, तेव्हा कुरूप घरोघर होतं आणि त्याच्यावर औषध एकच, बिब्बा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा चटका कुरपावर द्यायचा. मी म्हटलं, "मग द्यायचा का बिब्बा?" काकी जरा घुटमळली. "माणसाला देतात. उंदराचं मला काय म्हायती? तुझ्या बापसाला पत्र टाक आधी. त्याचं ते रोजचं हाय."

पत्र जायला चार दिवस, यायला चार दिवस. आठ दिवस थांबायचं, आणि आधी लिहायचं की नखं कापली म्हणून लिहिलं ते खोटं होतं. ह्या दोन्हींपैकी एकही मला जमणारं नव्हतं. रविवारी आई बेणायला, म्हणजे भातातलं तण काढायला, शेतावर गेली तशी मी फडताळातला बिब्बा काढला. तेल सुटेपर्यंतसुद्धा मला दम नव्हता, मी तो ज्योतीत खुपसला. बत्तीसला काखेत दाबून धरली आणि त्या फोडावर बिब्बा टेकवला. एकदा पुरे होतं. मी तीनदा टेकवला.

बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. माणसाच्या जाड कातडीवरसुद्धा फोडांची रांग उठते. दुसऱ्या दिवशी बत्तीसचं पाऊल दुप्पट झालं होतं आणि कातडी चकाकत होती. तिनं ते चाटलं होतं, त्यामुळं ओठही सुजला होता. ती खाईना. तानीकाकीनं कपाळाला हात लावला, घरी जाऊन ओलं खोबरं वाटून आणलं आणि त्याचा लेप लावला. आई म्हणाली, "मरतंय आता ते. बापूस तुझा काय म्हणेल?" मी शाईच्या ड्रॉपरनं पेजेची निवळ तिच्या तोंडात थेंब थेंब सोडत बसले. माझ्या हातात तिचं काळीज धडधडत होतं, इतकं जलद की मोजता येत नव्हतं. तेव्हा मी रडले. बाबा रागावतील म्हणून नाही. मी हे केलं म्हणून.

त्याच दुपारी मी एक कोरं कार्ड घेतलं आणि आईला न विचारता लिहिलं. अजून ते मला पाठ आहे. "बाबा, मी नखं कापली असं लिहिलं ते खोटं. काळ्या पायाची कापलीच नव्हती. तिला जाळीवर ठेवली. पायाखाली फोड आला. नंतर नखं कापली तेव्हा रक्त आलं. मग कुरूप समजून मी बिब्बा लावला. पाय सुजला आहे. ती खात नाही. मी काय करू? सुलभा." वर सर्व क्षेम लिहिलं नाही. ते लिहायला जागाच ठेवली नव्हती. आमच्या पेटीतली पत्रं एक दिवस उशिरा निघतात म्हणून मी पावसात पूल ओलांडून शहरातल्या मोठ्या पोस्टात गेले. पेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला आणि मला ते परत काढून घ्यावंसं वाटलं.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. मी शाळेत जायची आणि मधल्या सुट्टीत पळून घरी यायची. खुराड्याची जाळी मी उपटून फेकली आणि खाली फळी टाकली. पेज, लिंबाचं पाणी, परत पेज. पोस्टमन वळणावर दिसला की मी गडग्यापर्यंत धावायची आणि तो पुढं निघून गेला की वाईटही वाटायचं, बरंही वाटायचं. रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला की मी उगाच ओटीवर जाऊन उभी राहायची. आई म्हणायची, "बस की गो एका जागी. तुझ्याकडं बघून माझंच डोकं फिरतंय."

सहाव्या दिवशी सकाळी उत्तर आलं ते पत्रानं नाही. बाबाच आले. पावसानं निथळत, हातात फक्त एक पिशवी. आई शेतावर निघाली होती. त्यांना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. अवेळी आलेला मुंबईवाला म्हणजे काहीतरी वाईटच.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग काम सुटलं?"

"नाही. रजा टाकून आलोय. गणपतीची. आता गणपतीला यायचं नाही." त्यांनी चपला काढल्या. "बत्तीस आहे का?"

आईनं हातातला कोयता खाली ठेवला. ती कधी बाबांना मोठ्यानं बोलायची नाही, त्या दिवशीही बोलली नाही, पण तिचा आवाज थरथरत होता. "मागल्या श्रावणात मी चौदा दिवस तापात होते. उठून न्हाणीत जायची ताकद नव्हती. ही पोर मला भरवायची. तेव्हा नाय आलात. उंदराच्या पायासाठी आलात."

बाबा तसेच उभे राहिले. अंगावरचं पाणी सारवलेल्या जमिनीवर गळत होतं. "कुठला ताप?" ते म्हणाले.

"विषमज्वर."

"मला कुणी कळवलं?"

मी खांबाला टेकून उभी होते, मला वाटलं जमिनीत शिरावं. बाबा खाली बसले. "श्रावणात मला दोन पत्रं आली. दोन्ही माझ्या ट्रंकेत आहेत. दोन्हीत सर्व क्षेम. पाऊस बरा आहे." ते माझ्याकडं बघत नव्हते, पण अक्षर माझं होतं हे तिघांनाही माहीत होतं. "अठरा वर्षं मी तिथं राहतोय. ह्या घरातनं मला कधी वाईट बातमी आली नाही. मी तिथं लोकांना सांगतो, आमच्याकडं सगळं चांगलं चाललंय. परवा ह्या पोरीचं कार्ड आलं. पहिल्यांदा कुणीतरी खरं लिहिलं. म्हणून आलो. तू लिहिलं असतंस तर आलो नसतो?"

आई आत गेली आणि तिनं चुलीवर पाणी ठेवलं. मला वाटलं चहाला. ते बत्तीसच्या पायासाठी होतं.

बाबा दोन दिवस राहिले. कागदाच्या पुडीतून जांभळे खडे आणले होते, एक खडा कोमट पाण्यात टाकला की पाणी गुलाबी व्हायचं, त्यात ते पाऊल धरून ठेवायचे. मला ते एकदाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला सारखं वाटत होतं. मऊ कापड हवं म्हणाले तेव्हा आईनं ट्रंकेतून तिचं जुनं लुगडं काढलं. गोधडीसाठी जपून ठेवलेलं होतं ते. बाबा म्हणाले, "हे कशाला?" आईनं त्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला. "मऊ पायजे ना? हेच मऊ हाय."

मी विचारलं, "बाबा, तुमच्याकडं एवढी शेकडो आहेत, त्या सगळ्यांची नखं तुम्ही कापता?"

"नाही," ते म्हणाले. "बाकीच्यांची वाढायला वेळच मिळत नाही." मग म्हणाले, "पिल्लं देणाऱ्या माद्या तेवढ्या राहतात. त्यांची कापावी लागतात. हिची मी अडीच वर्षं कापली. पिल्लं थांबली की त्यांचीही सुईखाली जायची पाळी येते. हिची आली, तेव्हा साहेबांना विचारून घेऊन आलो." एवढंच. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. त्यांच्या कामाची मला इतकी वर्षं लाज वाटत होती, आणि त्या कामात त्यांना काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

जाण्याआधी त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं. काळ्या पायाचं एक नख अजून टोकदार होतं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मग मी गेल्यावर कोण कापणार?" त्यांनी बॅटरी नखाच्या मागं धरली. काळं नख उजेडात तपकिरी झालं आणि आत शीर दिसली, काळी बारीक रेघ. मी ब्लेड टेकवलं, उचललं, परत टेकवलं. बाबा म्हणाले, "थांब. तुला घाई आहे की तिला?" मी थांबले. किती वेळ कोण जाणे. आई दारातून बघत होती, आणि त्या दिवशी सोमवार होता, पण ती काही बोलली नाही. मग मी टोक कापलं. रक्त आलं नाही.

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्या पायाचं एक बोट वाळून गळून पडलं. मागच्या पायाला तीनच बोटं असतात त्यांच्या, तिची दोन उरली. जरा लंगडायची. पण एके दिवशी आईनं विळी पाटावर टेकवली आणि खुराड्यातनं शीळ आली. आईनं मान वर न करता चार देठं बाजूला टाकली. पुढं अडीच वर्षं जगली ती. नखं मीच कापत होते, वार न बघता.

बाबा मुंबईला परत गेले त्याच आठवड्यात मी कार्ड घेऊन आईपुढं बसले. बाहेर गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायची गडबड सुरू झाली होती आणि आमच्याकडं येणारं कुणी नव्हतं. सवयीनं मी लिहायला लागले, येथील सर्व.

"ते खोड," आई म्हणाली.

"काय?"

"खोड ते. लिही, उंदीर बरा हाय. एक बोट जाणार असं वाटतंय." तिनं चुलीतली लाकडं सारखी केली, परत विस्कटली. मी काही विचारलं नाही. वाट बघितली. "लिही, माझ्या टाचांना भेगा पडल्यात. बेणायला चिखलात उभं राहवत नाय. रक्त येतं." बाबा दोन दिवस तिच्यासमोर बत्तीसचा पाय हातात घेऊन बसले होते आणि ती सबंध वेळ लुगड्याच्या ओच्यात स्वतःचे पाय लपवून वावरत होती. मला दिसत होतं. मीही बोलले नव्हते.

उत्तर आठव्याच दिवशी आलं. पहिल्यांदाच बत्तीसचं नाव पहिल्या ओळीत नव्हतं. "सुलू, आईच्या टाचा उजेडात बघ. भेगा किती आहेत, किती खोल आहेत, सूज आहे का, ते सगळं लिही. कोकमाचं तेल कोमट करून लाव. मग परत लिही." मी ते मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "काहीतरीच ह्यांचं," आणि कामाला उठली. दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. शेवटी उंबऱ्यावर बसली, बाहेरचा उजेड होता त्या बाजूला पाय लांब केले आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. आईच्या पायाचे तळवे मी जन्मात कधी बघितले नव्हते. भेगांत चिखल बसून काळा झाला होता आणि काहींच्या तळाशी ओलं लाल दिसत होतं. मी एकेक भेग बोटानं न दुखवता मोजली. उजव्या टाचेला सात, डाव्या टाचेला नऊ. कार्ड मांडीवर घेऊन मी सात लिहिलं. मग भेगा एवढ्या खोल, एवढ्या लाल हे वाचून बाबा तिथं एकटे झुरत बसतील असं माझ्या मनात आलं, आणि माझा हात जरा थबकला.

आईनं मान न वळवता विचारलं, "डाव्या पायाच्या किती झाल्या?"

"नऊ."

"मग नऊच लिही," ती म्हणाली. "कमी करून लिहू नको."